दाराला खुर्ची लावून बसणाऱ्या तुळजाक्का

साहेबांच्या खोलीत जायचं तर तुळजाक्कांना खुर्चीवरून उठावं लागे. आमच्या बालन्यायालयाचं कार्यालय म्हणजे एका जुन्या सरकारी इमारतीच्या मागच्या अंगाच्या तीन खोल्या होत्या. मधली खोली इतकी अरुंद, की तिथं मॅजिस्ट्रेटसाहेबांच्या पी.ए.चं टेबल मांडल्यावर खुर्चीला जागा उरली ती थेट साहेबांच्या दारापुढे. दार बाहेर उघडायचं. म्हणजे आत जाणाऱ्या प्रत्येकासाठी अक्कांनी उठायचं, खुर्ची बाजूला ओढायची, माणूस आत गेला की खुर्ची परत लावून बसायचं. गुडघे दुखायचे त्यांचे. मी नवी असताना म्हटलं होतं, टेबल फिरवून ठेवू या. त्या म्हणाल्या, "नको. मी उठायला जेवढा वेळ लावते, तेवढ्यात माणसाला आपण आत जाऊन काय बोलणार आहो, याचा विचार करता येतो."

कुणासाठी किती वेळात उठायचं, हे त्यांचं ठरलेलं होतं. वकील आला की हातातली ओळ पुरी टाइप होईपर्यंत त्यांचे गुडघे जागचे हलत नसत. पोलिस आला की आधी त्याला टोपी काढायला लावत, मग उठत. पण कुणी मूल आत न्यायचं असेल, तर व्हरांड्यात त्याच्या पावलांचा आवाज आला की अक्का आधीच उभ्या असत, खुर्चीची पाठ धरून. मुलाशी बोलत मात्र नसत. लाड नाही, गोंजारणं नाही. नुसत्या उभ्या.

मी तिथं टायपिस्ट म्हणून कुंभकोणमहून बदलून आले. दोन मुलांची आई होते, पस्तिशी ओलांडली होती, नव्या ऑफिसची भीती वाटावी असं वय नव्हतं. तेव्हा तंजावुरात कोपऱ्याकोपऱ्यावर एस.टी.डी.ची बूथं उगवत होती, आणि राजवाड्यामागच्या आमच्या जुन्या मराठी गल्ल्यांतही केबलच्या काळ्या वायरी या गच्चीवरून त्या गच्चीवर गेल्या होत्या. पहिल्या दिवशी अक्कांनी माझा बदलीचा हुकूम वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि तमिळ सोडून एकदम मराठीत विचारलं, "आमच्यातली की काय तूं? घरी मराठी बोलतां, की पोरं नुसतं तमिळच?"

"मी बोलते. पोरांना कळतं, पण उत्तर तमिळमध्येच देतात."

"सगळीकडे तसंच," त्या म्हणाल्या आणि माझ्यापुढे टाइप करायच्या कागदांचा ढीग सरकवला. आमची ओळख झाली ती एवढीच.

माझी आई कोल्हापूरची. तिनं हट्टानं मला देवनागरी शिकवली, म्हणून हे लिहिता येतं आहे. अक्कांना देवनागरी वाचता येत नसे. बाजारातून काय आणायचं, ते त्या मराठीतच लिहीत, पण तमिळ अक्षरांत. त्यांच्याविषयी मी हे जे लिहिते आहे, ते त्या असत्या तरी त्यांना वाचून दाखवावं लागलं असतं. आणि वाचून दाखवलं असतं तर त्यांनी मध्येच थांबवून "हे कशाला घातलंस" म्हणून निम्मं काढायला लावलं असतं.

त्यांचं काम बाहेरून पाहणाऱ्याला काम वाटत नसे. साहेब सांगतील ते शॉर्टहँडमध्ये उतरवून घ्यायचं, टाइप करायचं, फोन घ्यायचे, तारखा लावायच्या, आईबापांना नोटिसा पाठवायच्या, निरीक्षणगृहातून कुणाला केव्हा आणायचं ते पोलिसांना कळवायचं. दर दोन-तीन वर्षांनी साहेब बदलत. अक्का त्याच खुर्चीवर. कुठल्या साहेबांना सकाळी बोललेलं चालत नाही, कुणाला मधुमेह आहे आणि बाराच्या सुमाराला काही खाल्लं नाही तर हुकूम कडक होतात, हे सगळं त्यांना ठाऊक असे, आणि त्याप्रमाणे त्या आत काय केव्हा पाठवायचं ते ठरवत. याविषयी मी एकदा कौतुकानं बोलले. त्यांना ते आवडलं नाही. "ऐकलं ते कानात राहतं, टाइप केलं ते कागदावर जातं," त्या म्हणाल्या. "मध्ये मी कोठे आले?"

त्या दमलेल्या असत. मी त्यांना पाहिलं तेव्हापासूनच दमलेल्या. पाच वाजता टाइपरायटरवर रेक्झिनचं झाकण घालताना त्या रोज तेच म्हणत, "आजचं झालं. उद्याचं उद्या येतंच." त्यात तक्रार नव्हती. दुधाची पिशवी दारात आली असं सांगावं, तसं सांगत.

व्हरांड्यात बाकावर बाया बसलेल्या असत. कुणी ओरत्तनाडूकडची, कुणी पापनाशमची, बहुतेक शेतावर मजुरी करणाऱ्या. पूर्वी पोरं यायची ती नारळ चोरल्याबद्दल, केळीचा घड तोडल्याबद्दल. माझ्या काळात सायकली आल्या, टेपरेकॉर्डर आले, आणि घर सोडून तिरुप्पूरच्या बनियन कारखान्यांकडे निघालेल्या पोरापोरींची तर रांगच लागली. आया रडत. अक्का उठून त्यांना पाणी देत आणि परत टाइप करायला लागत. एकदा मला राहवलं नाही, मी म्हटलं, "अक्का, दोन शब्द बोला ना तिच्याशी." त्या म्हणाल्या, "रडणाऱ्या बाईला मी पाणी देते. धीर देत नाही. मी दिलेला धीर आत जाऊन खोटा ठरला, तर ती कुणाकडे पाहील?"

पण फोनवर मात्र त्या सराईतपणे खोटं बोलत. एका भाताच्या गिरणीचा मालक होता. आपल्या गोदामात शिरलेल्या पोराला साहेबांनी जास्तीत जास्त दिवस आत ठेवावं, म्हणून तो सकाळपासून फोन करत होता. दर वेळी अक्का मऊ आवाजात सांगत, "साहेब डॉक्टरकडे गेले आहेत." साहेब आत कॉफी पीत होते. दारातून आत सगळं ऐकू जात होतं. तिसऱ्या फोननंतर ते आतून म्हणाले, "तुळजाम्मा, आजारी पाडलंत मला."

"थोडाच वेळ, सार," अक्का म्हणाल्या. "त्या पोराचा हुकूम सही करून झाला की बरे व्हाल."

हसण्याचे प्रसंग एवढेच. पण ते आठवतात.

अक्कांनी लग्न केलं नाही. वडील लवकर गेले, धाकटा भाऊ शिकत होता, आई अंथरुणाला खिळलेली. अशा वेळी राजवाड्यामागच्या गल्लीतल्या गोदाकाकूंनी आपल्या घराच्या मागच्या दोन खोल्या त्यांना दिल्या. नात्यातल्या नव्हेत काकू, आमच्याच मराठी माणसांतल्या. अक्का परीक्षांना बसल्या तेव्हा त्यांच्या आईचं अंथरुणातलं सगळं काकूंनी काढलं. नोकरी लागली त्या दिवशी पहिला गोड घास काकूंनी भरवला. पुढं आई गेली, भाऊ पापनाशमला नोकरी लागून संसारात पडला, अक्का तिथंच राहिल्या. सणावाराला त्यांचं पान काकूंच्या पंगतीत मांडलेलं असे, आणि काकू वाढताना म्हणत, "ऑफिसात सगळ्यांना उठून वाट देतेस, इथं तरी बसून जेव."

या गोदाकाकूंच्या घरी सेल्वी नावाची मुलगी कामाला होती. ओरत्तनाडूच्या बाजूच्या एका खेड्यातली. इतकी लहान असताना आलेली, की ती त्या घरातलीच भाषा बोलायला शिकली. घरात मराठी, गल्लीत तमिळ. बारा-तेरा वर्षांची झाली असेल तेव्हा. तिला आपल्या गावच्या देवीच्या उत्सवाला जायचं होतं. काकूंच्या मुलाचं, रघूचं, लग्न ठरलेलं, घरात रंगकाम निघालेलं, काकू नको म्हणाल्या. एका दुपारी ती न सांगता निघून गेली. त्याच दिवशी सुटीवर घरी आलेल्या रघूचं घड्याळ सापडेना. रघू बंगलोरला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. कंपनीनं त्याला सिंगापूरला पाठवलं होतं, तिथून आणलेलं ते घड्याळ. काकूंनी पोलिसांत कळवलं. मुलगी बस स्टँडवर सापडली. घड्याळ तिच्याजवळ नव्हतं. कुठंतरी टाकलं असेल, कुणाला दिलं असेल, असं पोलिसांनी लिहिलं आणि तिला आमच्याकडे आणलं.

त्या दिवशी सकाळीच अक्का साहेबांना म्हणाल्या, "सार, तक्रार देणाऱ्यांच्या घरात मी राहते. ही मुलगी माझ्या ओळखीची आहे." साहेब घाईत होते. म्हणाले, "तुम्ही लिहून घेता फक्त. घ्या लिहून."

सेल्वीला आत आणलं. आमच्या कोर्टात पिंजरा नसतो, मूल टेबलासमोरच उभं राहतं. साहेबांनी तमिळमध्ये समजावून विचारलं. मुलगी त्यांच्याकडे पाहतच नव्हती. वही घेऊन बसलेल्या अक्कांकडे पाहत ती मराठीत म्हणाली, "मी घेतलें नाही, अक्का. आजीला सांगा." आजी म्हणजे काकू.

साहेबांनी विचारलं, "काय म्हणते ही? कुठली भाषा?"

"घरची भाषा आहे, सार," अक्का म्हणाल्या. "घेतलं नाही म्हणते." आणि त्यांनी तेवढंच लिहून घेतलं.

बाप कापणीच्या कामावर दुसऱ्या जिल्ह्यात गेला होता. आई नव्हती. बापाला नोटीस पाठवायची, तो आला की पुढचं पाहायचं, तोपर्यंत मुलगी निरीक्षणगृहात, असा हुकूम झाला. महिला कॉन्स्टेबल तिला घेऊन गेली. मुलींचं निरीक्षणगृह दुसऱ्या गावी होतं, बसनं जावं लागे. जाताना सेल्वीनं वळून पाहिलं नाही. अक्का मात्र खुर्चीची पाठ धरून उभ्याच राहिल्या, मागे एक वकील खोळंबला होता तरी.

त्यानंतरच्या शुक्रवारी संध्याकाळी काकूंनी अक्कांना पुढच्या घरात बोलावलं. हे सगळं मला अक्कांनी नंतर सांगितलं, तेही एकदाच आणि तुटक. घड्याळ सापडलं होतं. रंगकामासाठी कपाटं हलवली होती तेव्हा रघूच्याच जुन्या बॅगेच्या कप्प्यात. रघू बंगलोरहून फोनवर म्हणाला, हो, मीच ठेवलं असेन, माझ्या ध्यानात नव्हतं.

"मग आता पोलिसांत सांगा की," अक्का म्हणाल्या.

काकूंनी आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाल्या, "सांगणार आहे. लग्न होऊ दे. मुलीकडची माणसं मद्रासची, मोठी. आम्ही लहान पोरीवर खोटा आळ घालून तिला आत टाकलं, हे आता त्यांच्या कानावर गेलं तर? पोलिस दारात येतील, तिच्या गावचे लोक दारात ओरडतील. लग्न झालं, की दुसऱ्या दिवशी मी स्वतः तुझ्या साहेबांपुढे येऊन उभी राहते. देवाशपथ."

"लग्नाला दोन महिने आहेत, काकू."

"तिथं तिला जेवायला मिळतंच की. वेळेवर मिळतं, तूंच म्हणाली होतीस. तू एवढंच कर, बापाची नोटीस थोडी उशिरा जाऊ दे. कुणाला कळतं?"

मग काकू आत गेल्या आणि नवा कोरा पावाडै घेऊन आल्या, मुली नेसतात तो लांब परकर, जरीच्या काठाचा. "हा तिला पोचव. लग्नासाठीच घेतला होता तिला," असं म्हणून त्यांनी तो अक्कांच्या मांडीवर ठेवला. अक्का मला म्हणाल्या, "सुशीला, तिनं रागानं सांगितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. परकर दिला तिनं. आणि तो खरोखरच त्या पोरीसाठी घेतलेला होता."

सोमवारी ऑफिसात अक्का माझ्याशी बोलल्या नाहीत. मी टाइप केलेली नोटीस सहीसाठी त्यांच्या टेबलावर होती. त्यांनी ती दोनदा उचलली आणि ठेवली. मला वाटलं, बरं नसेल. दुपारी मी विचारलं, "पाठवू का आत सहीला?" त्या नोटिशीकडे पाहत म्हणाल्या, "कागद उशिरा पाठवणं हे आपल्या कामातलं सगळ्यात सोपं काम आहे, सुशीला. कुणी विचारत नाही. पावसानं पोस्ट अडलं, शिपाई रजेवर होता, फाइल वर गेली होती. मी इतकी वर्षं हे केलं नाही, कारण माझ्याकडे कुणी मागितलं नव्हतं. तेवढंच." मला त्याचा अर्थ लागला नाही. मग त्यांनीच उठून, कागद घेऊन, आत जाऊन सही आणली आणि माझ्या हातात दिला. "आजच्या टपालात," म्हणाल्या.

नोटीस गेली, तरी तेवढ्यानं भागणार नव्हतं. बाप सापडेपर्यंत, येईपर्यंत किती दिवस जातील याचा नेम नव्हता, आणि आला तरी मुलीवरचा चोरीचा आळ तसाच राहणार होता. त्या संध्याकाळी अक्का काकूंकडे गेल्या. परकर परत नेला होता. उंबरठ्यातच उभ्या राहून म्हणाल्या, "काकू, उद्या मी साहेबांना सांगणार आहे. तुम्ही सकाळी माझ्याबरोबर आलात तर तुम्हीच सांगितलं असं होईल. मी बाहेरच बसते."

काकू म्हणाल्या, "मी तुला घरात बोलावून, आपली म्हणून सांगितलं. ऑफिसात सांगितलं नाही."

"हो."

"तुझ्या आईचं मी किती केलं, ते काढत नाही मी."

"काढलंत तरी खरंच आहे ते, काकू. मी विसरले नाही."

"मग?"

अक्का मला नंतर म्हणाल्या, काहीतरी मोठं बोलायला हवं होतं, सुचलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "ती माझ्याकडे पाहून बोलली, काकू. साहेबांकडे पाहून बोलली असती तर कदाचित मी गप्प बसले असते." काकूंनी परकर घेतला आणि दार लावलं. सकाळी अक्का गल्लीच्या तोंडाशी वाट पाहत उभ्या राहिल्या. काकू आल्या नाहीत.

साहेब आले, डिक्टेशनला बसले. मी दुसऱ्या टेबलावर होते, दार उघडं होतं. दोन ओळी झाल्यावर अक्कांनी पेन्सिल खाली ठेवली. "सार, एक सांगायचं आहे. हे मला घरात कळलं आहे, ऑफिसात नाही." आणि त्यांनी सांगितलं. साहेबांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाले, "तुळजाम्मा, मला हे नुसतं ऐकून चालणार नाही. तुमचा जबाब घ्यावा लागेल. तुमच्या नावानं कागदावर येईल. त्या घरात राहता तुम्ही."

"येऊ दे, सार."

जबाब लिहून घ्यायला पी.ए. हवी. पी.ए. जबाब देत होती. म्हणून मला बोलावलं. अक्का समोरच्या लाकडी खुर्चीवर बसल्या, लोक बसतात तिथं. इतक्या वर्षांत त्या खुर्चीवर मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी हळू आणि सरळ सांगितलं, मला टाइप करता येईल अशा बेतानं. जिथं काकूंचं नाव आलं तिथं त्या थांबल्या. मी मान वर केली. "नाव नीट लिही," त्या म्हणाल्या. "त्यांना चुकीचं लिहिलेलं आवडत नाही." मग सही केली, उठल्या, आपल्या टेबलाशी आल्या आणि त्या दिवसाच्या बाकीच्या तारखा लावायला बसल्या. बाहेर बाकावर माणसं होतीच.

इन्स्पेक्टर त्याच दिवशी काकूंकडे गेले. काकूंनी वाद घातला नाही. घड्याळ आणून हातात दिलं. तक्रार मिटली. बापाला नोटीस पोचली होती. पुढच्या बैठकीला तो आला, अंगावर टॉवेल टाकलेला, रापलेला माणूस. सेल्वीला त्याच्या ताब्यात दिलं. आम्हाला वाटलं, तो खूश होईल. तो व्हरांड्यात अक्कांपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "अम्मा, आता हिला ठेवू कुठं? मी असा हिंडतो. त्या घरी परत घेतील का हिला?"

"नाही घेणार," अक्का म्हणाल्या.

"तुम्ही सांगून पाहा ना."

"माझंही ऐकणार नाहीत आता."

सेल्वी अक्कांकडे पाहून हसली. बापाचा टॉवेल धरून निघून गेली. काही महिन्यांनी प्रोबेशन अधिकारी त्या गावाला जाऊन आले तेव्हा कळलं, की बापानं तिला आत्याबरोबर तिरुप्पूरला धाडलं आहे, बनियन कारखान्यात धागे कापायला. मी ते अक्कांना सांगितलं. त्यांनी टाइप करणं थांबवलं नाही. ओळ पुरी झाल्यावर म्हणाल्या, "सुटली, एवढंच आपल्या हातात होतं. कुठं गेली, ते नव्हतं." आणि थोड्या वेळानं, "चोर म्हणून तर नाही ना गेली."

काकूंनी अक्कांना घर सोडा म्हटलं नाही. तसं म्हटलं असतं, तर भांडता आलं असतं. त्या फक्त बोलेनाशा झाल्या. सकाळी अंगणात समोरासमोर आल्या तर काकू कोलमची रांगोळी घालत राहत, मान वर करत नसत. गल्लीतल्या इतर बायाही जपून बोलू लागल्या. आपली बाई ऑफिसात जाऊन घरातलं सांगते, हे आमच्या चार मराठी घरांत वाऱ्यासारखं पसरलं. माझ्या सासूबाईसुद्धा मला म्हणाल्या, "तिच्यापुढे जरा बेतानं बोलत जा."

आणि लग्न झालं. मद्रासच्या माणसांना कळलंच. त्यांनी एकदा विचारलं, काकूंनी खरं ते सांगितलं, ते म्हणाले, असं होतं कधीकधी, आणि ठरल्या दिवशी ठरल्या मांडवात लग्न लागलं. पत्रिका अक्कांच्या उंबरठ्यावर कुणीतरी ठेवून गेलं होतं, अक्षता न देता. पुढच्या अंगणात नादस्वरम वाजत असताना अक्का ऑफिसात होत्या. मी विचारलं, "रजा नाही घेतलीत?" त्या म्हणाल्या, "कशाला? एवढ्यासाठी ती इतकी घाबरली होती. काही झालं नाही बघ. काहीच झालं नाही." त्यांचा आवाज इतका दमलेला मी कधी ऐकला नव्हता.

मग त्या पापनाशमला भावाकडे राहायला गेल्या. पहाटे उठून स्वयंपाकात वहिनीला हात लावायचा, पॅसेंजरनं तंजावूर, दिवसभर ऊठबस, संध्याकाळी परत पॅसेंजर. निवृत्तीपर्यंत त्यांनी हे केलं. गाडी उशिरा आली तर धापा टाकत येत, पण बैठक सुरू व्हायच्या आत खुर्चीवर असत. साहेब बदलले, कार्यालयात कॉम्प्युटर आला, त्याच्यावर प्लॅस्टिकचं झाकण आणि हळदकुंकू चढलं. नव्या साहेबांना त्या जबाबाची गोष्ट ठाऊक नव्हती, आणि अक्कांनी कुणाला सांगितली नाही. निवृत्तीच्या दिवशी शाल-हार नको म्हणाल्या. सगळ्यांबरोबर कॉफी घेतली आणि नेहमीच्या गाडीनं गेल्या.

त्यांच्या जागी मी आले. एका रविवारी मी पापनाशमला त्यांना भेटायला गेले. पाय सुजले होते, ओसरीवर पाय लांब करून बसल्या होत्या. मी ऑफिसच्या गोष्टी सांगत होते, त्या ऐकत होत्या की नाही कळत नव्हतं. शेवटी, इतकी वर्षं मनात होतं ते मी विचारलं. "अक्का, तसंच परत झालं असतं, तर परत सांगितलं असतंत?"

"सांगितलं असतं," त्या म्हणाल्या. "पण आदल्या दिवशी काकूंकडे एकदा पोटभर जेवून घेतलं असतं." मग हसल्या, आणि हसता हसता पदरानं डोळे पुसले. "जा आता, तुझी गाडी चुकेल."

त्या गेल्याचा फोन ऑफिसातच आला. मीच घेतला. बैठकीचा दिवस होता, व्हरांडा भरला होता, लांबून आलेल्या बाया होत्या. आत सांगून निघता आलं असतं, पण तेवढ्या पोरांच्या तारखा पुढं गेल्या असत्या. बैठक संपवून मी निघाले. पापनाशमला पोचले तोवर सगळं उरकलं होतं, भाऊ नदीवरून परत येऊन ओल्या कपड्यांनी बसला होता.

ओसरीच्या टोकाला गोदाकाकू बसल्या होत्या. फार थकल्या होत्या, पाठीत वाकल्या होत्या. वहिनी म्हणाली, सकाळच्या बसनं एकट्याच आल्या, कुणी कळवलं होतं कोण जाणे. तेव्हापासून तिथंच आहेत, पाणीसुद्धा घेतलं नाही. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, "काकू, शेवटपर्यंत तुमची आठवण काढत होत्या."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. "तिनं केलं ते बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "मला त्याच रात्री कळलं होतं. म्हणून तर तिच्याशी बोलता येईना."